वॉल्व्हखालची चावी

“झाली काठोकाठ,” पास्कू म्हणाला. रबरी नळी बाजूला टाकून त्यानं टाकीच्या तोंडात बोट बुडवून दाखवलं.

“हलव.”

त्यानं टाकी दोन्ही हातांनी धरून हलवली. आतून डुबुक असा आवाज आला आणि त्याचा चेहरा पडला.

“राहिलीय अजून हवा,” तो स्वतःशीच पुटपुटला. टाकी तिरकी करून त्यानं आणखी तांब्याभर पाणी आत रिचवलं, पुन्हा हलवली. आता आवाज नव्हता. मी काहीच बोललो नव्हतो. मला बोलावं लागलं नाही याचाच मला आनंद झाला.

मंगळवारची सकाळ होती. आजऱ्यातल्या माझ्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे माझी हत्यारं मांडली होती, आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीतली पोरं तिथे काहीबाही करायला येत. पास्कू काही पोर नव्हता. तो सव्वीस वर्षांचा होता. पास्कल बारदेस्कर, आमच्या शाळेच्या तांत्रिक शाखेतला माझा विद्यार्थी. आई-वडील लवकर गेले. मोठ्या बहिणीनं, मार्थानं, शिवणकाम करून त्याला वाढवलं. तिनं स्वतः लग्न केलं नाही.

काजूच्या कारखान्यातली ड्रायव्हरची नोकरी सोडून पास्कूनं एक जुनी जीप घेतली होती. आंबोलीच्या बाजूला जंगलात एक नवं हॉटेल निघालं होतं. पाहुण्यांना चिखलातून, ओढ्यातून जीपनं हिंडवून आणायला त्यांना माणूस हवा होता. सावंतवाडीचे दोघं तयारीत होते, पास्कू तिसरा. रविवारी तिघांचीही परीक्षा होती.

“चिखलात शिरायच्या आधी टायरची हवा पंधरा पौंडांवर आणायची,” त्यानं मला समजावलं होतं. “टायर पसरतो, रुतत न्हाई. पण परत डांबरी रस्त्यावर आलं की पस्तीस पौंड पायजे. चारी टायर. तिथं जंगलात हवा कोण भरणार? सावंतवाडीवाले पायपंप घेऊन येणार. पाहुणे बघत बसणार तासभर. माझ्या जीपवर टाकी असली तर पाच मिनिटांत काम.”

“टाकी विकत मिळते ना?”

“पुण्याला मिळते. पण सर, विकत घेतलेली टाकी कोणाच्याबी जीपवर बसते. ही माझी आसंल.”

मालट्रकच्या ब्रेकसाठी हवा साठवणारी एक लोखंडी टाकी त्यानं संकेश्वरच्या भंगारातून आणली. आडव्या ठेवलेल्या मोठ्या घागरीएवढी. गाडीच्या ए.सी.चा जुना कॉम्प्रेसर मिळवून तो जीपच्या इंजिनाला पट्ट्यानं जोडला. इंजिन चालू की टाकीत हवा. सगळं त्याचं त्यानं केलं. माझ्याकडे आला तो फक्त टाकी तपासायला, कारण हातानं चालवायचा दाबपंप गावात माझ्याकडेच होता.

“पाणी कशाला भरलं रे आपण?” पंप जोडता जोडता मी विचारलं. “हवाच भरून बघितली असती.”

तो हसायला लागला. “सर, हे आठवीत विचारलं होतंत.”

“मग आता सांग.”

“पाणी दाबलं जात न्हाई. टाकी उसवली तर जरा पिचकारी मारंल आणि थांबंल. हवा दाबून बसलेली आसते. ती सुटली की घर घेऊन जाते.”

“कोणी सांगितलं तुला हे?”

“कोणी सांगितलं म्हणजे? तुम्ही कधी काय सांगितलंय आजवर? पंधरा दिवस डोकं खाजवायला लावलं होतंत. आक्का म्हणत होती, ह्याच्या डोक्यात उवा झाल्या.”

आम्ही दोघंही हसलो. खरं होतं ते. बत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, पण उत्तर सांगितलं नाही. प्रश्न द्यायचा आणि थांबायचं. करून बघ, मोडून बघ, जोडून बघ. एखाद्याला तासात सापडे, एखाद्याला महिना लागे. पालक तक्रार करत, हेडमास्तर चिडत, पोर्शन मागे राही. पण एखादं पोर मधल्या सुट्टीत धापा टाकत यायचं, ‘सर, कळलं’ म्हणायचं, आणि त्या वेळी त्याचं तोंड बघण्यासारखं असायचं. मला दुसरं कसलंही व्यसन नव्हतं.

पंपानं दाब दीडशे पौंडांपर्यंत नेला. पाव तास ठेवला. टाकीला घामसुद्धा आला नाही.

“पास,” पास्कू म्हणाला.

मग त्यानं पिशवीतून बाकीचे भाग काढले आणि पाणी काढून टाकलेल्या टाकीवर बसवून दाखवले. टाकीच्या पाठीवर एक नळी उभी. नळीवर पितळी चावी, पाण्याच्या नळाला असते तशी, आडवा दांडा फिरवून बंद-उघड करायची. चावीच्या वर नळीला दोन फाटे. एका फाट्यावर दाब दाखवणारा काट्याचा मीटर, दुसऱ्यावर सेफ्टी वॉल्व्ह. टाकीत एकशेदहा पौंडांच्या वर हवा गेली की हा वॉल्व्ह आपोआप उघडतो आणि जास्तीची हवा सोडून देतो.

मी ते बघितलं आणि पहिल्या नजरेतच मला दिसलं.

“ही चावी इथे कशाला?” मी विचारलं.

“आयडिया हाय ती,” तो खुशीत म्हणाला. “चिखलाचं काम. वॉल्व्हात चिखल जाणार, मीटरची काच फुटणार. दर वेळी काढायचं म्हणजे टाकीतली सगळी हवा सोडा. त्यापेक्षा चावी बंद केली की वरचं काढा, धुवा, लावा. हवा टाकीत तशीच.”

“छान. पण विचार कर तिच्यावर.”

त्याचे डोळे बारीक झाले. माझा हा सूर तो आठवीपासून ओळखत होता.

“चुकलंय काय सर?”

“मी कुठे म्हणालो चुकलंय? विचार कर म्हणालो.”

“चुकलंय,” तो म्हणाला आणि पुन्हा हसला. “बरं. काढतो शोधून.”

तो गेला. माझी बायको मालती दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“तुमच्या पोटात इतके दिवस उत्तर राहतं तरी कसं?” ती म्हणाली. “मला तर शेजारणीनं सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत टिकत नाही.”

“सापडेल त्याला. हुशार आहे.”

“तो हुशार आहे हे मलाही माहीत आहे.”

शुक्रवारी दुपारी पास्कू आला. जीप घेऊनच आला होता. मागच्या बाजूला टाकी पट्ट्यांनी आवळून बसवली होती, तिला हिरवा रंग दिला होता. चावी होती तिथेच होती. तो ओट्यावर बसला आणि त्यानं कपाळ पुसलं.

“सापडंना, सर.”

“काय काय बघितलंस?”

“सगळं बघितलं. चावी गळती काय, साबणाचं पाणी लावून बघितलं. गळत न्हाई. जीपच्या हादऱ्यानं सैल हुईल काय, म्हणून खडीच्या रस्त्यानं गवश्यापर्यंत जाऊन आलो. सैल झाली न्हाई. आता सांगून टाका की. परवा सकाळी निघायचंय.”

“चावी उघडी असते तेव्हा वॉल्व्ह काय करतो?”

“एकशेदहाला उडतो.”

“आणि बंद असली तर?”

“बंद कशाला आसंल? धुण्यापुरती, मिनिटभर.”

“कधी बंद असेल ते मी विचारलं नाही. बंद असली तर काय होईल, ते विचारलं.”

हाताची बोटं एकमेकांत अडकवून त्यानं जीपकडे बघितलं. आठवीतही तो असाच बसायचा.

“हवा वॉल्व्हापर्यंत जाणार न्हाई,” तो हळूच म्हणाला.

“मग?”

“मग...”

उत्तर त्याच्या ओठांशी आलं होतं. आणखी एकदा ‘मग’ म्हटलं असतं तर ते बाहेर पडलं असतं. पण असं ओढून काढलेलं मला आवडत नसे. ते माझं झालं असतं, त्याचं नाही. मी उठलो.

“जा आता. घरी जाऊन बघ.”

“सर!”

“एवढं जवळ आलायस. आता मी सांगितलं तर तूच मला शिव्या देशील.”

मालती चहा घेऊन बाहेर आली. “अहो, सांगून टाका ना. तो काय आता शाळेच्या परीक्षेला बसणार आहे?”

“राहू दे काकू,” पास्कूच म्हणाला. “सर सांगणार न्हाईत. सांगितलं तर सूर्य पश्चिमेला उगवंल.” चहा एका घोटात पिऊन त्यानं कप ठेवला. “उद्या येतो उत्तर घेऊन. आलो की मला शाबासकी नको, तुमचा तो पंप द्या.”

“आणि नाही आलास तर?”

“येतोच.”

तो गेल्यावर मी शेडमध्ये जाऊन नळीचा एक वीतभर तुकडा कापला. दोन्ही टोकांना आटे पाडले. चावी काढून तिच्या जागी हा सरळ तुकडा बसवला की काम झालं. दहा मिनिटांचं काम. तुकडा तेल लावून, पुसून मी बाकावर ठेवला, त्याच्या शेजारी पंपही ठेवला. शनिवारी तो धापा टाकत येईल, तेव्हा त्याच्या हातात हे द्यायचं. मला फार बरं वाटत होतं.

शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला मी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो. आवाज आला तो दगडाच्या खाणीत सुरुंग लागावा तसा. खिडकीची काच हादरली. मालती आतून म्हणाली, “खाण आज चालू आहे का?” खाण पूर्वेला आहे. आवाज पश्चिमेकडून, चर्चच्या बाजूनं आला होता. तिकडे बारदेस्करांचं घर.

मी चप्पल न घालता गेलो.

पास्कूला तोवर कोणाच्या तरी टेम्पोतून नेलं होतं. अंगणात माणसं जमली होती. जीपचं इंजिन चालूच होतं. कोणालाही ते बंद करायचं सुचलं नव्हतं. मी हात घालून किल्ली फिरवली. टाकीचं एक टोक जोडावरून उसवून भिंतीत जाऊन बसलं होतं. बाकीचा पत्रा कागदासारखा उलगडला होता. त्या पत्र्यावर नळी अजून उभी होती. चावीचा दांडा नळीला आडवा होता.

चावी बंद होती.

मीटरची काच फुटली होती आणि काटा शंभरावर अडकून राहिला होता.

मार्था टेम्पोबरोबर गेली होती. तिच्या शेजारणीनं मला सांगितलं, “इंजिन चालू करून टाकीजवळ वाकून उभा होता. मार्थानं विचारलं, काय करतोस रे? तर म्हणाला, सरांचं उत्तर शोधतोय. काटा हलतोय काय बघतोय.”

तिनं आणखीही काही सांगितलं. मला ऐकू येत नव्हतं.

पास्कूला कोल्हापूरला हलवलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली. एक डोळा त्याच दिवशी काढावा लागला. दुसऱ्याचं डॉक्टर अजून काही सांगत नव्हते.

रविवारी हवालदार घरी आला. तो माझा विद्यार्थी नव्हता, पण त्याचा भाऊ माझ्या हाताखाली शिकला होता. त्यानं वही उघडायच्या आधी माझ्या पाया पडून घेतलं.

“सर, त्या पोरानं शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा सांगितलं की सरांची काही चूक नाही. सरांनी चावीबद्दल मला आधीच विचारलं होतं. बरोबर?”

“विचारलं होतं.”

“म्हणजे तुम्ही सावध केलं होतं.”

मी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

“एवढंच लिहितो,” तो म्हणाला आणि लिहिलं. “आजकालची पोरं, सर. तुमच्यासारख्यांचं ऐकत नाहीत.”

मालती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हवालदार गेल्यावर तिनं त्याचा पेला उचलला आणि ती आत गेली.

दोन दिवसांत गावभर झालं. बाजारात, बस स्टँडवर, दवाखान्यात, सगळीकडे तेच. नार्वेकर सरांनी पोराला बजावून सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. जिवावर बेतेल म्हणून सांगितलं होतं. पोरानं ऐकलं नाही. मला रस्त्यात थांबवून लोक म्हणायचे, “तुम्हाला किती वाईट वाटत असेल, सर.” मी मान हलवायचो. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला सांगत होतो.

मंगळवारी सकाळच्या एस.टी.नं मी कोल्हापूरला गेलो.

पास्कू खिडकीजवळच्या खाटेवर होता. डोक्यापासून नाकापर्यंत पांढऱ्या पट्ट्या. खाली फक्त तोंड दिसत होतं. ओठ सुजले होते. मार्था स्टुलावर बसून त्याला चमच्यानं पेज भरवत होती. मला बघून ती लगबगीनं उठली आणि तिनं स्टूल मला दिलं.

“कोण आलंय सांग,” ती त्याला म्हणाली.

“सर,” तो म्हणाला. “चप्पल घासत चालतात. वर्गात यायच्या आधीच कळायचं.”

मी त्याच्या चांगल्या हातावर हात ठेवला. काय बोलायचं ते मी एस.टी.त अडीच तास जुळवलं होतं.

“सर, आक्का रागावते मी बोललो की. पण तुम्हाला सांगायचंच होतं.” तो जरा थांबला, श्वास घेतला. “सापडलं मला.”

“पास्कू, राहू दे.”

“न्हाई, ऐका की. चावी बंद केली की वॉल्व्हाला टाकी दिसतच न्हाई. एवढं तर मला शुक्रवारीच कळलं होतं, तुमच्या ओट्यावर. मी म्हटलं, मग काय, मीटर हाय की. बंद करून बघू, काटा एकशेवीसला गेला की इंजिन बंद करू. टाकी दीडशेला पास झालेली. भ्यायचं काय त्यात? आणि काटा हलंनाच सर! शंभरावर गप्प. मी म्हटलं, कॉम्प्रेसर बिघडला काय? जवळ जाऊन बघत बसलो.” त्यानं जीभ ओठांवरून फिरवली. “आता पडल्या पडल्या कळलं. मीटरबी चावीच्या वरच लावला होता मी. चावी बंद केली की वॉल्व्हाला कळत न्हाई आणि काट्यालाबी कळत न्हाई. खाली टाकी फुगतीया आणि वर दोघं शांत. वॉल्व्हाच्या खाली चावी कधीच लावायची न्हाई. सरळ नळी पायजे. हेच होतं ना सर?”

पट्ट्यांखालचं ते तोंड माझ्याकडे वळलेलं होतं, आणि ते वाट बघत होतं. तेरा वर्षांपूर्वीसारखं.

“बरोबर,” मी म्हणालो.

बत्तीस वर्षांच्या सवयीनं ते तोंडातून गेलं. आवाजही तोच होता, वर्गातला. पास्कूचे सुजलेले ओठ हसले.

“बघ आक्का,” तो म्हणाला. “म्हटलं होतं ना तुला, सापडलंय म्हणून.”

मार्थाच्या हातात पेजेची वाटी होती. ती माझ्याकडे बघत होती. तिनं वाटी खिडकीत ठेवली, चमचा त्यात ठेवला, पदराला हात पुसले.

“सर, जरा बाहेर येता?”

आम्ही व्हरांड्यात आलो. एक बाई लादी पुसत होती, ती पुढे जाईपर्यंत मार्था थांबली.

“तुम्हाला हे माहीत होतं?” तिनं विचारलं. आवाज हळू होता. आत जाऊ नये म्हणून.

“हो.”

“सगळं? काटा हलणार नाही, तेपण?”

“हो.”

“कधीपासून?”

“मंगळवारपासून.”

तिनं बोटांवर मोजलं नाही, पण मोजताना दिसली. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

“शुक्रवारी तो तुमच्याकडे आला होता,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून मला बरं वाटलं होतं. म्हटलं, फार मोठं काही नसणार. असतं तर सरांनी सांगितलं असतं.”

मी तिला समजावू लागलो. मी म्हणालो की तो चावी बंद करून बघेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी म्हणालो की त्याला स्वतःला सापडावं असं मला वाटत होतं, मी नेहमीच तसं शिकवत आलो. ती ऐकत होती. मध्ये तोडलं नाही. माझं बोलणं आपोआप संपलं.

“तो तुमच्या वर्गात नव्हता, सर,” ती म्हणाली. “शाळा सोडून त्याला किती वर्षं झाली. तो जीप चालवून पोट भरणार होता.”

एवढंच म्हणाली. मग तिनं आत बघितलं. पास्कूचा हात खाटेच्या कडेवर चाचपडत होता, पाण्याचा पेला शोधत. ती वळली.

“तुम्ही जा आता,” ती म्हणाली. “त्याला मी सांगेन, एस.टी. होती म्हणून गेले.”

ती आत गेली. मी व्हरांड्यात उभा होतो. आतून पास्कूचा आवाज आला.

“आक्का, सर गेले?”

“गेले. एस.टी. होती.”

“चहा तरी दिलास काय त्यांना? एवढ्या लांबनं आले.”

“दिला,” मार्था म्हणाली.